म्हापसा, १९५० : एका वाक्याची तपासणी

(पडद्यावर विकिपीडियावरचा एक लेख. एक वाक्य ठळक होतं.)

'मोगाचो आंवडो हा गोवा राज्यात १९५० साली प्रदर्शित झालेला पहिला कोंकणी चित्रपट आहे.'

ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, क्रियापद जागेवर. तरीही हे वाक्य असंच ठेवता येणार नाही. १९५० साली गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. मुक्ती मिळाली १९ डिसेंबर १९६१ रोजी आणि घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी. अल जेरी ब्रागांझा यांचा हा चित्रपट २४ एप्रिल १९५० रोजी म्हापशात लागला, तेव्हा गोवा हे राज्यच नव्हतं. 'गोवा राज्यात'च्या जागी 'पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात' असं लिहायचं, आणि बदल जतन करताना सारांशाच्या चौकटीत कारणही द्यायचं. कारण न देता केलेला बदल उद्या दुसरा कुणी तितक्याच सहजपणे उलटवतो.

(पणजी, पाटो. कृष्णदास शामा ग्रंथालय. लांब टेबल, एक लॅपटॉप. कॉलेजचा एक विद्यार्थी आणि फोंड्याच्या एक निवृत्त शिक्षिका.)

"बाई, तारखेला संदर्भ कुठला देऊ? दोन वेबसाइटवर तीच तारीख आहे."

"दोन्हीकडे वाक्यही तेच आहे ना रे? मग तो एकच संदर्भ झाला. आणि तोही कदाचित आपल्याच लेखातून उचललेला असेल."

चित्रपटांच्या लेखांना हाच रोग सर्वांत जास्त सतावतो. विकिपीडियावरची चूक बातमीत जाते आणि मग तीच बातमी त्या चुकीला पुरावा म्हणून जोडली जाते. यातून बाहेर पडायचं तर त्या काळच्या कागदापर्यंत जावं लागतं. गोव्यात ते आणखी अवघड. दैनिक 'गोमन्तक' सुरू झालं १९६२ साली, म्हणजे १९५० सालची बातमी तिथे सापडणार नाही. १९०० साली सुरू झालेलं 'ओ हेराल्डो' तेव्हा होतं, पण ते १९८३ पर्यंत पोर्तुगीजमध्ये निघायचं. त्यामुळे मराठीतल्या एका तारखेसाठी पोर्तुगीज वाचणारं माणूस शोधावं लागतं. माझ्या मते हे कष्ट घ्यायलाच हवेत, कारण त्या पिढीतली वाचणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

(पडद्यावर 'इतिहास पहा'. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी.)

'श्वास'च्या लेखात वर्षाचा घोळ वेगळाच. चित्रपट प्रदर्शित झाला २००४ साली. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २००३ या वर्षासाठीचा. पुरस्काराचं वर्ष पाहून कुणीतरी प्रदर्शनाचं सालही २००३ करून टाकतं. हेतू चांगला, आकडा चुकीचा. पुरस्काराचं वर्ष, सेन्सॉरचं वर्ष आणि चित्रपटगृहात लागल्याचं वर्ष, तिन्ही वेगवेगळी तपासायची.

त्याच लेखात अशी एक ओळ येऊन पडली तर? 'श्वास हा २००४ चा भारतीय मराठी-भाषेतील चित्रपट आहे जो संदीप सावंत द्वारे दिग्दर्शित आहे.' यात माहिती चुकलेली नाही, पण असं मराठी कुणी बोलत नाही. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच चिकटवलं की हे होतं. 'संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला श्वास हा मराठी चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला.' एवढं पुरे. 'दिग्दर्शीत', 'आधारीत' अशी रूपं दिसली की तिथली वेलांटी ऱ्हस्व करायची. आणि गावांची नावं! रोमन लिपीतून फिरून आलेला म्हापसा 'मापुसा' होतो, फोंडा 'पोंडा' होतो, हळदोणे 'अल्डोना'. आपल्याच गावाचं नाव आपल्याच भाषेत असं वाचताना मनाला लागतं.

प्रेमापोटी होणाऱ्या चुकाही असतात. लता मंगेशकर यांचं जन्मस्थान 'मंगेशी' असं लिहावंसं गोवेकराला वाटणारच. मंगेशी हे दीनानाथांचं गाव. लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. इफ्फीबाबतही, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबाबतही, तसंच. महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला, गोव्यात आला २००४ साली.

(व्हायोलिनचे सूर. माजोर्ड्याचा रस्ता.)

सर्वांत जड जातं ते इथे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांचं नाव घरोघरी पोचलं. पण त्यांच्यासारख्या किती गोवेकर वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी गाण्यांची वाद्यरचना केली, आणि श्रेयनामावलीत नाव मात्र बहुतेकदा एकट्या संगीतकाराचं आलं. घरचे सांगतात, 'हे गाणं आमच्या पप्पांनी बसवलं.' ते खरंही असेल. तरी छापील आधाराशिवाय ते लेखात घेता येत नाही. बाई अशी ओळ पुसून टाकत नाहीत. ती चर्चा पानावर, म्हणजे त्या लेखाबद्दल संपादकांनी बोलायच्या वेगळ्या पानावर, हलवतात आणि आधार कुठे मिळेल ते खाली लिहून ठेवतात.

तुमच्या घरी जुन्या कोंकणी-मराठी चित्रपटाच्या गाण्यांची पुस्तिका, जाहिरातीचं कात्रण किंवा एखादा जुना अंक असेल, तर प्रकाशनाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक त्या चित्रपटाच्या चर्चा पानावर लिहा. लेखात कुठे आणि कसं घ्यायचं, ते तिथेच मिळून ठरवू.