कॅमेऱ्याला प्रदक्षिणा

नमस्कार श्रोतेहो! पांडवलेणीच्या पायऱ्या चढून मागे वळलं की नाशिक नजरेत मावतं, पण एका फोटोत मावत नाही. मग शेजारशेजारचे फोटो काढून जोडायचे. हाच पॅनोरमा.

मी तो शिकले गोदावरीच्या पुरात. तेव्हा ३६ फोटोंचा रोल असायचा. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं. पुराचं माप आपण नाशिककर त्याच्यावरूनच काढतो. घाटाच्या वरच्या पायरीवरून डावीकडून उजवीकडे सहा फोटो काढले. प्रिंट आल्या, कात्री-डिंक घेऊन बसले. पलीकडची देवळं जुळवली की मारुती दोनदा यायचा. मारुती एक केला की मागचं शिखर तुटायचं. मामा म्हणाले, "अगं, चार तोंडं केलीस की त्याची!"

मग त्यांनी मला एक डोळा मिटून खिडकीच्या गजासमोर अंगठा धरायला लावला. "आता नुसती मान वळव." अंगठा गजावरून सरकला! "तू वळलीस तसा कॅमेराही सरकला. म्हणून जवळचा मारुती हलला. देऊळ जागेवर असतं, प्रदक्षिणा आपण घालतो ना? कॅमेऱ्याला तशीच घाल."

दुसऱ्या दिवशी मामा सोबत आले. लेन्सला दोरी बांधून खाली दगड सोडला, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. पायरीवर खडूची फुली केली. दगड फुलीवरच ठेवायचा आणि आपण भोवती फिरायचं. त्या रोलमध्ये सगळं जुळलं.

मोबाइलचंही तेच. पुन्हा सांगते: फोन जागेवर, आपण त्याच्याभोवती. सुटे फोटो काढणार असाल तर कॅमेरा उभा धरा, आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा पुढच्यात येऊ द्या आणि उजेडाचं माप पहिल्या फोटोला ठरवून तिथंच लॉक करा. नाहीतर एकीकडे आभाळ पांढरं, दुसरीकडे काळं.

आणि फोटो कागदावर उतरवा हो! फोनमध्ये हजारो साठतात, पण भिंतीवरचा फोटो आल्या-गेल्याला दिसतो, त्यावर घरात बोलणं होतं. आमच्या मुलांना पूर म्हणजे काय ते भिंतीवरूनच कळलं.

तो पॅनोरमा अजून मामांच्या ओटीवर आहे, काचेच्या चौकटीत. डिंक पिवळा पडलाय. डावीकडून चौथ्या प्रिंटमध्ये मारुती उभा आहे, गुडघाभर पाण्यात, एकटाच.