माळ्यावरचा हेलिओस

(रविवारची सकाळ. ताडपत्रीवर पसरलेला माल.)

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळ, मिक्सरची भांडी, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, आणि त्यात कुठेतरी जुन्या कॅमेऱ्याचं एखादं तपकिरी चामड्याचं कव्हर. मी ते आधी नाकाशी नेते. कुबट वास आला की समजायचं, आत पाहुणे आहेत.

"घ्या ताई, चालू आहे," म्हणत दुकानदार बटण दाबतो. खट्. जुन्या बाजारात खट् वाजणारी प्रत्येक वस्तू चालूच असते.

(हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडतात.)

झेनिट-ई, सोव्हिएत काळातला फिल्मचा कॅमेरा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला. नंबर 79 ने सुरू होतो, म्हणजे 1979 चा. पुढच्या वर्षी मॉस्कोत ऑलिंपिक होतं, म्हणून अंगावर ती कडीही कोरलेली. झाकण उघडून शटरच्या, म्हणजे फिल्मपुढच्या पडद्याच्या, काळ्या कापडात कुठे उजेडाची चांदणी दिसते का बघायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी रोल वाया जातो. मग शटरचे पाचही स्पीड, सेकंदाच्या 30व्या भागापासून 500व्या भागापर्यंत, एकेक करून कानाने ऐकायचे.

आता लेन्स. हेलिओस 44-2, 58 मिलिमीटर. आट्यांवर फिरवून काढली, मागून मोबाईलचा टॉर्च मारला. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. मधोमध असती तर मी कॅमेरा तिथेच ठेवला असता. बुरशीचं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, आणि एकदा ते गेलं की पुसून परत येत नाही.

"लेन्स वेगळी हवी का?" दुकानदार विचारतो. त्यालाही बाजार कळलाय. हल्ली डिजिटलवाले अॅडॉप्टर लावून ही लेन्स वापरतात आणि बिचारी बॉडी पेपरवेट होते. मला हे पटत नाही. मी दोन्ही घेतलं. अठराशे सांगितले, चौदाशेला सुटलं.

(झाडाखाली बसलेली मुलगी. मागची पानं गोल फिरल्यासारखी.)

हेलिओसचं खूळ कशासाठी, ते इथे दिसतं. हिची रचना जर्मनीच्या त्साइसच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक, पूर्ण उघडं ठेवून, मागे लांबवर दाट झाडी घेऊन फोटो काढला की पानांचे ठिपके कडेकडे चपटे होत जातात आणि सगळी झाडी माणसाभोवती गिरकी घेते. शास्त्राप्रमाणे हा दोषच. एम्प्रेस गार्डनमधल्या झाडांखाली मात्र तो फार शोभतो.

पण हिला दोन रिंगा आहेत. एकीवर अॅपर्चरचा आकडा लावून ठेवायचा (आकडा मोठा, तेवढं भोक लहान), उघड्या लेन्सने फोकस करायचा आणि बटण दाबायच्या आधी दुसरी फिरवून अॅपर्चर बंद करायचं. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर मेलेला होता, म्हणून मी जुना ठोकताळा धरला: भर उन्हात अॅपर्चर 16, आणि आयएसओ, म्हणजे फिल्मची उजेड टिपायची ताकद, 400 असेल तर स्पीड 500. हिशेब चोख. दुसरी रिंग फिरवायला तेवढी विसरले. लेन्स पूर्ण उघडी, 2 वरच राहिली. 2 ते 16 म्हणजे सहा स्टॉप, दर स्टॉपला उजेड दुप्पट, एकूण चौसष्ट पट. रोल धुऊन आला तेव्हा पहिल्या अकरा निगेटिव्ह तव्याच्या बुडासारख्या काळ्या. बाराव्या फोटोत मावशी आहे, कंटाळलेली.

(गॅलरी. पत्र्याच्या छपरावर पाऊस.)

पुण्यातल्या लेन्सचा खरा शत्रू हा. जून ते सप्टेंबर. आणि लोक मायेने काय करतात, तर कॅमेरा चामड्याच्या कव्हरात घालून माळ्यावर टाकतात. चामडं ओल धरून ठेवतं. आमच्या आजोबांचा आगफा क्लिक थ्री, ज्याने एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे, असाच जपून जपून गेला.

आई म्हणते, वाळवणाबरोबर उन्हात ठेव. सल्ला अर्धा बरोबर आहे. उन्हाने बुरशी मरते. पेंटॅक्सच्या काही जुन्या 50 मिलिमीटर टाकुमार लेन्समध्ये थोरियमची काच असते, ती वर्षांनी चहासारखी पिवळी पडते, आणि तो पिवळेपणाही उन्हानेच उतरतो. पण कुरडया वाळतात त्या उन्हात लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. त्यामुळे मी थांबते डिसेंबरपर्यंत. कोवळं ऊन, खाली अॅल्युमिनियमची फॉइल, आणि लेन्सचं तोंड सूर्याकडे नाही, नाहीतर भिंगाने गॅलरीतला पडदा पेटायचा.

पावसाळ्यात मात्र घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 च्या मध्ये हवा. जेल गुलाबी झालं की मंद आचेवर परतायचं, पुन्हा निळं होतं. त्यासाठी वेगळी कढई ठेवली आहे.

(डबा उघडतो. आत हेलिओस, टाकुमार, दोन झाकणं.)

आज काटा 46 वर आहे.

(मागून आईचा आवाज.)

"त्यात माझे डिंकाचे लाडू होते!"