काळी, पांढरी आणि पेव

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथं येण्याआधी दुपारी हरिपूरला जाऊन आलो. वारणा कृष्णेला मिळते तो संगम पाहिला, पण मला खरी ओढ पेवांची होती. बाहेरगावची काही कॉलेजची मुलं समोर बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद भरायचे, तोंड बंद करून वर माती लोटायचे. वर्षं गेली तरी हळदीला कीड लागत नाही.

का लागत नाही? आत कोंडलेला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. कीड गुदमरून मरते. आणि म्हणूनच पेव उघडलं की हमाल लगेच उतरायचा नाही. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, कंदील खाली सोडायचा, तो विझला तर अजून थांबायचं. जो वायू किडीला मारतो तोच उतरणाऱ्यालाही मारेल. आतली हळद कुणाच्या मालकीची आहे, हे त्या वायूला ठाऊक नसतं.

आपली गडबड ‘नियम’ या शब्दानं केली आहे. नियम म्हटलं की आपल्याला पंचायत आठवते, दंड आठवतो, वकील आठवतो. सिग्नल तोडला आणि पोलीस नसला तर सुटलो. मग आपण म्हणतो, माणसानं निसर्गाचे नियम मोडले. मला हे वाक्य पटत नाही. गुरुत्वाकर्षण कुणी मोडलंय? गच्चीवरून पडणारा माणूससुद्धा ते पाळतच खाली येतो.

कृष्णेचंच बघा. महाबळेश्वरला उगम. तिथून अरबी समुद्र हवाई अंतरानं ६५ किलोमीटरच्या आसपास. पण बाई निघाल्या उलट्या दिशेला, सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला! कारण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचला, त्याचा हा काळा पत्थर. नदीचा उतार ठरला तेव्हा आपण नव्हतो. पाऊसही तसाच. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात ५०० च्या आसपास. कलेक्टर एकच, पण ढग सह्याद्रीवर चढताना रिकामा होतो.

आता थोडं घरचं. मी पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आईनं ओढत बाहेर काढलं एवढं आठवतं, आणि नंतर कित्येक रात्री थंडीत खळ्यावर झोपलो ते आठवतं. घरात जायला म्हातारेसुद्धा तयार नव्हते. आजी म्हणायची, नदी अडवली म्हणून धरणीमाय कोपली.

पुढं भूगर्भशास्त्र शिकलो तेव्हा कळलं की आजीचं निम्मं बरोबर होतं. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. १९६२ पासून पाणी साठू लागलं, आणि मग लहान धक्के जाणवू लागले. खाली सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पत्थर, त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. त्या खडकातल्या भेगांवर ताण आधीपासूनच होता. दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट दाबून धरत होत्या, म्हणून सरकत नव्हत्या. पाणी भेगांत मुरलं, आतला दाब वाढला, ती पकड सैल झाली. जलाशयामुळं चाळवलेल्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं उदाहरण आजही कोयनाच आहे. कोप नव्हता. आणि धरण बांधणं हे पापही नव्हतं. त्याच कोयनेच्या विजेवर मी रात्री अभ्यास केला. आपण एका जुन्या हिशेबात नवी रक्कम घातली, बेरीज बदलली.

आता पूर. २०१९ ला इथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर वाढतो की नाही, हा वाद मी इथं काढत नाही, नाहीतर व्याख्यान राहील बाजूला. पण आपल्या जुन्या माणसांचे दोन शब्द बघा : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. नदीकाठची मळी, म्हणजे गाळाची जमीन, पुरानंच आणून टाकलेली. तिच्यात ऊस लावायचा, घर नाही. पूर ओसरला की गाळ आपला. कृष्णामाईची ओटी भरतात, त्यात मला अंधश्रद्धा कमी आणि ओळख जास्त दिसते : ही येणार, हे धरून चाललेली माणसं. आपण नंतर ओत, म्हणजे पाणी साठणारे सखल भाग, बुजवले, ओढ्यावर प्लॉट पाडले, आणि पाणी आलं की म्हणालो, निसर्ग बिघडला.

(श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं, “मग आम्ही घर कुठं बांधायचं?”)

ताई, सगळं शहर उचलून टेकडीवर न्या, असं मी म्हणणार नाही. मघाशी गावभागातून चालत आलो. एका जुन्या वाड्याच्या पायऱ्या मोजल्या, सात. जोतं माझ्या छातीला लागत होतं. ज्यानं बांधलं त्यानं पूर पाहिलेला असणार. शेजारी नवं घर आहे, देखणं आहे. त्याचं जोतं रस्त्याच्या पातळीला ठेवलंय, गाडी सरळ आत जावी म्हणून.