शिशाच्या पत्र्यावर देवाकडे तक्रार | यूलीचं रोमन देऊळ

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत यूलीच्या देवळाचा नुसता ओझरता उल्लेख केला, तर खाली कमेंटचा पाऊस. "दादा, त्या काळ्या जादूच्या चिठ्ठ्यांबद्दल सांगा ना." सांगतो. पण ते 'काळी जादू' प्रकरण आधी बाजूला ठेवा. माझं डोकं तिथेच फिरतं.

जागेचं पटकन उरकतो. इंग्लंड, ग्लॉस्टरशर, यूली गावाजवळची वेस्ट हिल. १९७७ ते १९७९ मध्ये उत्खनन झालं. लोहयुगापासून तिथे पूजा चालायची, मग रोमन काळात दगडी देऊळ उभं राहिलं. मधे गाभारा, भोवती फिरायला ओवरी. देव मर्क्युरी, रोमन लोकांचा व्यापार-प्रवासाचा देव. शेळ्यामेंढ्यांची आणि कोंबड्यांची हाडं ढिगानं निघाली, कारण बोकड आणि कोंबडा ही याचीच जनावरं. झालं. आणि "सोनं किती सापडलं?" विचारणाऱ्यांनो, तुम्ही आता दुसरा व्हिडिओ लावलात तरी चालेल!

खरा माल म्हणजे शिसं. पातळ पत्रे, सुमारे १४०. तुमच्या त्या 'काळ्या जादूच्या चिठ्ठ्या' म्हणजे हेच. त्यावर टोकदार लेखणीनं ओरखडून लिहायचं, गुंडाळी करायची आणि देवाला द्यायची.

[स्क्रीनवर पत्र्याचा फोटो]

हा बघा. मी फोटो कितीही मोठा केला तरी मला रेघोट्याच दिसतात. घाईची, वळणदार रोमन लिखावट आहे ही. रॉजर टॉमलिन नावाच्या अभ्यासकानं असे पत्रे वाचण्यात हयात घालवली.

लिहिलंय काय? सेनाकस नावाचा माणूस म्हणतो, व्हिटालिनस आणि त्याचा मुलगा नॅटालिनस यांनी माझं ओझ्याचं जनावर पळवलं. ते परत करेपर्यंत आणि देव मागेल ते देवाला देईपर्यंत त्यांना आरोग्य लाभू नये. फिर्यादीचं नाव आहे, संशयितांची नावं आहेत, मुद्देमालही आहे. सांगा, यात जादू कुठे आली? ही तक्रार आहे, तक्रार!

दुसऱ्या बाजूनं बघा. बऱ्याच पत्र्यांत एक वाक्य घोळून घोळून येतं: चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र. एकानं विचारलंय, "देवाला सगळं माहीतच असतं ना, मग एवढं कशाला लिहायचं?" अहो, पळवाट राहू नये म्हणून! 'पुरुष' लिहिलं आणि चोर निघाली बाई, तर? हे वकिली डोकं आहे, मांत्रिकाचं नव्हे.

माझ्या आजोळी, सिंधुदुर्गात, बागेतले नारळ गेले की आजोबा देवळात गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा, जो कोण असात तेका..." आणि मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" त्याला कोणी काळी जादू म्हटलं असतं तर आजोबांनी काठीच उगारली असती. फरक एवढाच, की इकडे सगळं मोठ्यानं आणि चारचौघांत, तिकडे लिहून आणि गुंडाळून.

आणि तिसरी बाजू, माझी आवडती. सॅटर्निना नावाच्या बाईचं लिननचं कापड हरवलंय. चोरानं ते देवळात आणून देईपर्यंत त्याला चैन पडू नये, अशी तिची मागणी. बदल्यात तिसरा हिस्सा देवाला. म्हणजे रीतसर सौदा! पण गंमत पुढेच आहे. पत्र्यावर आधी मार्स सिल्व्हानस या दुसऱ्याच देवाचं नाव होतं, त्यावर मर्क्युरीचं लिहिलंय. आणि मागच्या बाजूला सिल्व्हानसलाही तिसरा हिस्सा कबूल केलाय! मर्क्युरीला एक, सिल्व्हानसला एक, बाईच्या पदरात उरला एकच. कापड गेल्यावर माणूस किती चिडतो बघा.

त्यामुळे लाल अक्षरांत 'शापित देऊळ' लिहून कवटी चिकटवणाऱ्या चॅनेलवाल्यांना माझा नमस्कार. लांबूनच.

"मर्क्युरीची मूर्ती कुठे आहे?" हाही प्रश्न खूप आलाय. तिचं चुनखडीच्या दगडातलं कुरळ्या केसांचं डोकं सापडलं, ते ब्रिटिश म्युझियमकडे आहे. लंडनमधली मराठी मंडळी, ममी बघून झाल्यावर रोमन ब्रिटनच्या दालनाकडेही वळा. आणि फोटो काढलात तर मला टॅग करा.