रानकोंबड्याच्या पिसाशिवाय सॅल्मनची माशी

इथे जरा जवळून पाहा. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, पक्का धरलाय, त्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे, एकाला एक लागून. मागच्या टोकाला रुपेरी जर, मग पिवळं रेशीम, त्यापुढे काळं. हे सगळं जळगावात भरतकामाच्या सामानात मिळतं. पंखाला मोराच्या गळून पडलेल्या पिसाचे तंतू.

ही सॅल्मन माशाला भुलवायची माशी, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं खोटं आमिष. नाव जॉक स्कॉट. त्याच नावाच्या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती बांधली. सॅल्मन तापीतला नाही. तो अटलांटिकमधून अंडी घालायला ट्वीड, टे, स्पे या नद्यांत चढतो, आणि नदीत शिरला की खाणं सोडतो. तरी माशीवर झडप घालतो! रागाने की जुन्या सवयीने, यावर अजून वाद आहे. म्हणून ही माशी किड्यासारखी नसली तरी चालते, डोळ्यात भरली पाहिजे.

त्यासाठी दोन्ही बाजूंना जे पीस लावत, ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं. आपल्या सातपुड्यात आरवतो तोच. पिसाच्या टोकाला पिवळसर कडक ठिपका, मेणाचा थेंब गोठल्यासारखा. या ठिपक्यापायी त्याच्या माना विलायतेला गेल्या. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी मी ते पीस घेतलं नसतं. गावठी कोंबड्याचं काळं पीस, टोकाला पिवळा रंग, वर बिनरंगी नेलपॉलिश. काम होतं. जंगलातलंच पीस हवं म्हणणाऱ्याला मी माशी बांधून देत नाही.

पावसाळा ओसरला, पण पाण्याला ओढ आहे, अशा वेळी ती प्रकाश्याला तापीत पोहवून बघायची. काठावरची पोरं विचारतात, "दादा, हाई काय शे?" त्यांच्या तळहातावर ठेवावी, गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबलेला असतो.

फेक पलीकडे, थोडी खालच्या अंगाला. दोर ताणला की प्रवाह माशीला तिरपी ओढत आपल्या काठाकडे आणतो, गळ्याभोवतीची पिसं मिटतात, उघडतात. एक पाऊल खाली, पुन्हा फेक. सॅल्मनसाठीही हीच रीत. त्याने धरली तरी लगेच झटका द्यायचा नाही. त्याला वळू द्यायचं, दोर जड लागला की काठी उचलायची.

माशी पाण्यात एका अंगावर कलली, तर पंख वाकडा बसलाय. घरी जाऊन तेवढा उसवायचा आणि पुन्हा बांधायचा.