न लागलेल्या जोड्या : चार्ली बर्ली आणि 1940 च्या दशकातले मिडलवेट

मंडळी, आज मी ज्या फाइट्सबद्दल बोलणार आहे त्यातली एकही झालेली नाही. देश अमेरिका, काळ 1940 चं दशक, वजनगट मिडलवेट, म्हणजे 160 पौंडांपर्यंत, आपले साडेबहात्तर किलो. टोनी झेल, रॉकी ग्रॅझियानो, जेक लामोटा, शुगर रे रॉबिन्सन ही नावं तुम्ही ऐकलीच असतील. पण त्याच वेळी चार्ली बर्ली, होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल, कोको किड, एडी बुकर, जॅक चेस असे एकाहून एक सरस काळे बॉक्सर होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही मिडलवेटच्या वर्ल्ड टायटलसाठी रिंगमध्ये उतरू दिलं नाही. एकालाही नाही!

मग हे लोक आपापसातच लढत राहिले. बर्ली आणि विल्यम्स तर सात वेळा. मार्शलनं 1944 मध्ये क्लीव्हलंडला लामोटाला पॉइंट्सवर हरवलं, पण पुढे चॅम्पियन झाला तो लामोटा.

बर्ली पिट्सबर्गचा. त्यानं फ्रिट्झी झिविक या वेल्टरवेट (मिडलवेटच्या खालचा वजनगट) बॉक्सरला तीनपैकी दोनदा हरवलं आणि मग झिविकच्या मॅनेजरनं बर्लीचं कॉन्ट्रॅक्टच विकत घेतलं, म्हणजे तो परत झिविकच्या वाटेला जायचा प्रश्नच मिटला. 1940 मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगला हरवून वेल्टरवेट चॅम्पियन कोण झाला? झिविक. हे वाचलं की मला आजही राग येतो, कारण इथे कुणी हरलं नाही की जखमी झालं नाही, एका कागदावर सही झाली आणि एका माणसाची वाट बंद झाली.

मिडलवेटमध्ये वेगळंच झालं. झेलनं 28 नोव्हेंबर 1941 ला जॉर्जी अब्राम्सला हरवून दोन संघटनांत विभागलेलं टायटल एकत्र केलं, नऊ दिवसांनी पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली, पुढे झेल नेव्हीत गेला आणि टायटल गोठवलं गेलं ते थेट सप्टेंबर 1946 पर्यंत, म्हणजे बर्लीची 24 ते 29 ही ऐन उमेदीची वर्षं तशीच गेली. झेल परतल्यावर ग्रॅझियानोशी तीन फाइट्स झाल्या, जबरदस्त झाल्या, त्याबद्दल वादच नाही. पण त्या दोघांच्या मध्ये तिसऱ्याला जागाच उरली नाही.

यात फक्त रंगाचाच प्रश्न होता असं नाही. बर्ली काउंटरपंचर, समोरच्याला चुकवून मारणारा, त्याच्याविरुद्ध वाईट दिसायची भीती आणि गेटवर पैसाही कमी, मग कुठला मॅनेजर आपला बॉक्सर त्याच्यापुढे उभा करेल? शिवाय माफिया होताच. लामोटानं 1947 मध्ये बिली फॉक्सशी मुद्दाम हरून टायटलचा चान्स मिळवला, हे त्यानं 1960 मध्ये सिनेटच्या कमिटीपुढे स्वतः कबूल केलं. गोऱ्या, गाजलेल्या लामोटाची ही गत, तर बर्लीला कोण विचारणार?

एप्रिल 1944 मध्ये हॉलिवूडला ऐनवेळी बोलावणं आलं म्हणून बर्ली आर्ची मूरशी लढला, त्याला अनेकदा खाली पाडलं आणि दहा राऊंड्सनंतर जिंकला. हाच मूर पुढे लाइट हेवीवेटचा चॅम्पियन. बर्लीला मात्र पिट्सबर्ग महापालिकेत कचरा उचलायची नोकरी करावी लागली. त्याच्या एकाच फाइटची फिल्म उरलीये, 1946 ची, ओकलंड बिली स्मिथविरुद्धची. ती नक्की बघा, आणि त्याचे हात बघा, किती खाली ठेवलेत, गार्ड नाहीच म्हणा ना, पण डोकं आणि खांदे असे हलतात की स्मिथचा पंच पोहोचेपर्यंत हा तिथे नसतोच आणि मग मधूनच त्याचा उजवा हात येतो.

हो, एझर्ड चार्ल्सनं 1942 मध्ये बर्लीला दोनदा हरवलं, ते लपवायचं कारण नाही, पण चार्ल्स पुढे हेवीवेट चॅम्पियन झाला.

रॉबिन्सन विरुद्ध बर्ली हीसुद्धा कधीच झाली नाही. लामोटाकडून टायटल हरलेला फ्रेंच बॉक्सर मार्सेल सेरदाँ आणि लामोटा यांचं कारण वेगळं, त्यांची रीमॅच ठरली होती, पण ऑक्टोबर 1949 मध्ये सेरदाँचं विमान अझोर्समध्ये कोसळलं. तिथे नशिबाला बोल लावता येतो, बर्लीच्या बाबतीत नाही.

मला एकच फाइट निवडायला सांगितली तर झेल विरुद्ध बर्ली, 1942, पंधरा राऊंड्स. झेल पोटावर मारणारा, पुढे पुढे येणारा, बर्लीला हवा तसा. सुरुवातीच्या राऊंड्समध्ये बर्लीच्या बरगड्यांना त्रास होईल, सातव्यानंतर झेलचे पंच हवेत जायला लागतील, आणि माझ्या मते बर्ली पॉइंट्सवर जिंकतो. झेलचे चाहते भांडणार हे मला माहितीये, प्रश्नोत्तरात जरूर भांडा.