कॅमोमाइलचा फांट आणि त्याच्या जोडीची फळं

मंडळी, आजचा विषय एका फुलाचा आणि काही फळांचा आहे. सुरुवात नावापासून करू, कारण फळाशी असलेलं नातं या नावातच आहे. कॅमोमाइल हा शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ होतो ‘जमिनीवरचं सफरचंद’. स्पॅनिशमध्ये याच फुलाला मँझानिया म्हणतात, म्हणजे ‘छोटं सफरचंद’. चांगल्या प्रतीची सुकी फुलं तळहातावर चुरडली की सफरचंदाच्या सालीसारखा आणि थोडा सुक्या गवतासारखा वास येतो. आपल्याकडे युनानी औषधांच्या दुकानात ते ‘बाबूना’ किंवा ‘गुल-ए-बाबूना’ या नावानं मिळतं.

विकत घेताना अख्खी फुलं घ्या. मधला पिवळा गोंडा शाबूत हवा, पांढऱ्या पाकळ्या थोड्या गळलेल्या असल्या तरी चालतील. देठ आणि काड्या जास्त दिसल्या तर ते पाकीट नको. ओळख पटवायची असेल तर एक गोंडा ब्लेडनं उभा चिरून बघा. आपल्याला हवी असलेली जात जर्मन कॅमोमाइल आहे, आणि तिच्या गोंड्याचा बुडखा आतून पोकळ असतो. रोमन जातीचा भरीव असतो आणि चवीला ती जास्त कडू लागते. चहाच्या पिशव्यांमधला भुगा कडवटपणा लवकर सोडतो आणि वास कमी देतो, त्यामुळे फळांच्या पदार्थांना तो उपयोगाचा नाही. फुलं काचेच्या बरणीत, अंधारात ठेवा. वर्षभरानंतर रंग राहतो, पण वास गेलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरात औषधी म्हटलं की पातेलं गॅसवर चढतं आणि निम्मं पाणी आटेपर्यंत उकळत राहतं. आलं, गवती चहा, सुंठ यांना ते सोसतं. कॅमोमाइलला अजिबात सोसत नाही. त्याचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असतो आणि ते तेल फुलाच्या वजनाच्या शेकडा एक टक्क्याच्या आसपासच असतं. उकळलं की ते वाफेबरोबर निघून जातं आणि मागे राहतो कडवटपणा. आयुर्वेदात यासाठी नेमका शब्द आहे: फांट. काढ्यात वस्तू उकळतात. फांटात गरम पाणी वस्तूवर ओतायचं, झाकायचं आणि गाळायचं. कॅमोमाइलचा नेहमी फांटच करावा, एवढं जरी लक्षात राहिलं तरी निम्म्या चुका टळतात.

प्रमाण असं. २०० मिली पाण्याला २ ग्रॅम फुलं. वजनकाटा असेल तर तोच वापरा, कारण ही फुलं फार हलकी असतात आणि चमच्याचा अंदाज चुकतो. काटा नसेल तर अख्ख्या फुलांचा एक मोठा चमचा साधारण दोन ग्रॅम धरा. पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग फुलांवर ओता. लगेच घट्ट झाकण ठेवा. पाच मिनिटांनी झाकण उचलताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच पडू द्या, सुगंधाचा मोठा वाटा त्या थेंबांत असतो. गाळणीतली फुलं चमच्यानं दाबू नका, हातानं पिळू नका. पिळल्यावर चार चमचे पाणी जास्त मिळतं, पण त्यात कडूपणा आणि गढूळपणाही उतरतो.

फळाच्या रसात मिसळायचा फांट दाट हवा, नाहीतर फळ त्याला गिळून टाकतं. इथे बहुतेक जण वेळ वाढवतात, पाचाची दहा-पंधरा मिनिटं करतात, आणि पेय कडू झालं म्हणून वर साखर घालतात. वेळ तीच ठेवा, फुलं दुप्पट करा: २०० मिलीला ४ ग्रॅम. एक ग्रॅम सुकं फूल चार-पाच मिली पाणी पिऊन घेतं, म्हणून पाणी थोडं वाढवून घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर फांट गढूळ आणि बोथट लागतो, त्यासाठी फिल्टरचं पाणी वापरा.

जोडीला कुठलं फळ घ्यायचं? सफरचंद आणि नाशपाती सगळ्यांत चांगली. त्यानंतर स्ट्रॉबेरी, संत्रं, लिची, ताजं अंजीर. हापूस, जांभूळ, कोकम, पिकलेला पेरू यांच्यापुढे कॅमोमाइल टिकत नाही. ते आपापले स्वतंत्रच खावेत. गुळाचंही तसंच. गुळाचा स्वाद इतका ठाम असतो की फूल हरवतं. साखर किंवा सौम्य मध बरा. मध मात्र पेय कोमट झाल्यावर घाला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका.

सफरचंदाचं गरम पेय करून बघू. ३०० ग्रॅम सफरचंद, म्हणजे मध्यम आकाराची दोन, सालीसकट पातळ चिरा आणि ६०० मिली पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवा. सफरचंदाला उकळलेलं चालतं, म्हणून ते आधी. गॅस बंद केल्यावर ६ ग्रॅम कॅमोमाइल घाला, झाका आणि पाच मिनिटांनी गाळा. दोन छोटे चमचे लिंबाचा रस आणि चवीपुरती साखर. दालचिनी हवीच असेल तर करंगळीच्या नखाएवढा एकच तुकडा, तोही सफरचंदाबरोबर शिजताना. गाळणीत उरलेला गर टाकू नका असं सांगावंसं वाटतं, पण त्यात फुलं मिसळलेली असतात. गर वापरायचा असेल तर फुलं मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडा.

संत्र्याच्या बाबतीत एक अडचण आहे आणि ती नागपुरी संत्र्यात चांगलीच जाणवते. रस काढल्यावर काही वेळानं त्यात कडवटपणा उतरतो आणि गरम केल्यास लवकर उतरतो. त्यात कॅमोमाइलचा कडवटपणा मिळाला की पेय बिघडलंच. म्हणून दुप्पट फुलांचा दाट फांट आधी पूर्ण गार करा, संत्री आयत्या वेळी सोला, बिया आणि पांढरे धागे काढून हलक्या हातानं रस काढा, आणि समसमान मिसळून लगेच प्या. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस इथे चालणार नाही.

स्ट्रॉबेरीला आच दाखवायची गरज नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात बाजारात येते तेव्हा २५० ग्रॅम चिरून त्यावर ६० ग्रॅम साखर पसरा आणि दोन तास फ्रिजमध्ये झाकून ठेवा. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि भांड्याच्या तळाशी लालबुंद पाक जमतो. तो पाक आणि फळं ४०० मिली गार फांटात मिसळली की सरबत तयार. हे त्याच दिवशी संपवावं.

टिकाऊ सरबत हवं असेल तर १२ ग्रॅम फुलांवर ३०० मिली गरम पाणी ओता. गाळून २५० मिलीच्या आसपास फांट मिळेल. तो गरम असतानाच ५०० ग्रॅम साखर आणि एक सपाट छोटा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घाला आणि साखर विरघळेपर्यंतच मंद आचेवर ढवळा. तार येईपर्यंत उकळायचं नाही. इथे साखरेच्या प्रमाणावर टिकाऊपणा अवलंबून आहे: दोन भाग साखर, एक भाग पाणी. तब्येतीसाठी म्हणून साखर निम्मी केली तर आठवड्याभरात बुरशी धरेल. बाटली कोरडी, उकळत्या पाण्यातून काढून सुकवलेली हवी. फ्रिजमध्ये महिनाभर ठेवा. तळाशी साखरेचे खडे दिसले तर बाटली कोमट पाण्यात उभी करा, खडे विरघळतात. ग्लासभर पाण्याला दोन मोठे चमचे पुरतात.

आता जेली, आणि इथे जरा थांबू, कारण सगळ्यांत जास्त फसतं ते इथेच. पहिला प्रकार चायना ग्रासचा. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरात चालतं. आपल्या उन्हाळ्यात त्याचा मोठा फायदा असा की एकदा जमलेली जेली ताटात वितळत नाही, प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनची वितळते. शिवाय कच्चं अननस, पपई किंवा किवी घातलं तर जिलेटिन जमतच नाही, कारण या फळांमधली पाचक द्रव्यं त्यातलं प्रथिन तोडतात. चायना ग्रासवर त्यांचा असा परिणाम होत नाही.

५०० मिली जेलीला ४ ग्रॅम पावडर. १५० मिली पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मग ढवळत दोन-तीन मिनिटं चांगली उकळा. चमच्यावर एकही कण दिसता कामा नये, नाहीतर जेली मऊ आणि रवाळ होते. यात ५० ग्रॅम साखर विरघळवा. दुसऱ्या भांड्यात ३५० मिली फांट तयार आणि गरमच हवा. गार फांट ओतला की चायना ग्रास जागच्या जागी गोठून धागे धरतं. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच, कारण आंबट पाण्यात उकळलेलं चायना ग्रास नीट धरत नाही. लिची किंवा द्राक्षं फ्रिजमधली गार नकोत, त्यांच्याभोवती लगेच गोठून पोकळ्या राहतात. फळं तळाशी बसू नयेत म्हणून निम्मं मिश्रण ओता, वरची साय बोटाला चिकट लागेल इतकं जमू द्या, फळं मांडा आणि उरलेलं गरम मिश्रण ओता. पहिला थर कडक जमला असेल तर दुसरा त्याला धरत नाही, कापताना सुटून येतो. दुसऱ्या दिवशी या जेलीला थोडं पाणी सुटतं, म्हणून ती ताजीच खावी.

दुसरा प्रकार पावावर लावायच्या जेलीचा. तिला बाहेरून काही घालावं लागत नाही, सफरचंदातलं पेक्टिन, म्हणजे फळातलाच जेली जमवणारा पदार्थ, पुरतं. एक किलो शक्य तितकी आंबट सफरचंदं साल आणि बियांच्या गाभ्यासकट चिरा, कारण पेक्टिन तिथेच जास्त असतं. बुडेल इतक्या पाण्यात अर्धा-पाऊण तास शिजवा आणि मलमलमध्ये रात्रभर टांगा. गाठोडं पिळलंत तर जेली गढूळ होईल. मिळालेल्या रसाच्या दर ५०० मिलीला ४०० ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. आपली खायची सफरचंदं गोड असल्यामुळे लिंबू वगळलं तर जेली बसत नाही. पसरट भांड्यात मोठ्या आचेवर उकळा.

पुस्तकात १०४-१०५ अंश दिलेले असतात, ते समुद्रसपाटीचे. खरं मोजमाप म्हणजे तुमच्या गावी पाणी जिथे उकळतं त्याच्या साडेचार-पाच अंश वर. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, तेव्हा १०३ च्या जवळ थांबा. महाबळेश्वरला १०० अंशांनाच जेली तयार असते, तिथे १०५ ची वाट बघितली तर चिक्कीसारखी चिवट होईल. थर्मामीटर नसेल तर फ्रीझरमधल्या बशीवर थेंब टाका, मिनिटभरानं बोटानं ढकला. वर सुरकुती पडली की गॅस बंद. आणि कॅमोमाइल आता, शेवटी: ८ ग्रॅम फुलांची पुरचुंडी त्या गरम जेलीत बुडवा, झाकून चार मिनिटं ठेवा, न पिळता उचला आणि लगेच कोरड्या गरम बरण्यांत भरा. जास्त थांबलात तर भांड्यातच जमायला लागेल.

एक सावधगिरी. कॅमोमाइल शेवंती, झेंडू, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. या फुलांनी ज्यांना शिंका, खाज किंवा सूज येते त्यांनी ते टाळावं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

शेवटी श्रीखंड, कारण दुधातल्या स्निग्धांशात हा सुगंध छान उतरतो. आंबट फळाचा रस मात्र दुधात घालू नका, ते फाटेल. ६० मिली सायीचं दूध गरम करा, उकळी येण्याआधी उतरवा, त्यात ४ ग्रॅम फुलं झाकून दहा मिनिटं ठेवा. दुधातली प्रथिनं कडवटपणा बऱ्यापैकी झाकतात, म्हणून इथे वेळ जास्त चालतो. गाळून जवळपास ४० मिली मिळेल. हे दूध ५०० ग्रॅम चक्का सैल करतं, म्हणून चक्का नेहमीपेक्षा दोन-तीन तास जास्त टांगा. ३५० ग्रॅम पिठीसाखरेसह पुरणयंत्रातून काढा. नाशपातीचे बारीक तुकडे दोन चमचे साखरेवर पाणी आटेपर्यंत परता, पूर्ण गार करा आणि वाढतानाच मिसळा. कच्चे तुकडे आधी घातले तर श्रीखंडाला पाणी सुटेल. वेलची-जायफळ यात घालू नका.